चाळीस अंशांच्या खाली

टक्.

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढाच आवाज आला. स्टीलची वाटी ओट्यावर टेकल्याचा. मग जरा वेळ काही नाही, आणि पुन्हा, टक्.

शिवू झोपली होती. मी जेवणाच्या टेबलावर सातवीच्या मुलांसाठी भूगोलाच्या टिपा काढत बसले होते. दोन ते चार हे माझे तास. शिवू झोपते, सासूबाई आडव्या होतात, खालच्या दुकानांची शटरं अर्धी ओढलेली असतात आणि आमच्या इंद्रलोकच्या इमारतींमध्येसुद्धा तेवढा वेळ कुणी कुणाला हाक मारत नाही. त्या वेळात मी टिपा काढते, क्लासचे पेपर तपासते, आणि त्यातून काही उरलं तर निकेतला लिहिते. निकेत माझा नवरा, जहाजावर खलाशी आहे. त्या दिवशी त्याचा मेसेज येऊन अकरा दिवस झाले होते.

आवाज कसला ते बघायला मी उठले नाही. मला कळलं होतं. सासूबाई उठल्या होत्या आणि मी धुऊन पालथी घातलेली भांडी एकेक करून सरळ करत होत्या.

हे भांड्यांचं आधी सांगायला हवं. माझं माहेर पूनम सागर कॉम्प्लेक्समधलं. बाबा बँकेत होते, गिरगावातून मीरा रोडला आलेले. आमच्याकडे भांडी धुतली की पालथी घालतात, पाणी निथळतं म्हणून. सगळ्यांकडे असंच असेल असं मला वाटायचं. लग्न होऊन मी जुन्या भाईंदरात, खाडीजवळच्या घरात आले, आणि पहिल्याच दिवशी मी पालथा घातलेला टोप सासूबाईंनी माझ्यासमोर उचलून सरळ केला. बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निकेतनं हसत हसत सांगितलं, की घरातला माणूस पाण्यावर असला की आमच्याकडे भांडं पालथं ठेवत नाहीत. भांडं पालथं झालं की होडी पालथी होते. तेव्हा सासरे होते, त्यांची होडी होती, ते रोज पाण्यावर असायचे. मी नवी सून, पण शिकलेली, म्हणून विचारलं, की मग पाणी साचून भांड्यांना वास येतो त्याचं काय. त्यावर सासूबाई पहिल्यांदा बोलल्या.

"वास धुता येतो."

पुढे सासरे गेले. आजारानं, घरात, बिछान्यावर. होडी विकली, निकेत मोठ्या जहाजांवर जायला लागला, शिवू झाली, आम्ही इकडे फ्लॅटमध्ये आलो. आणि इथे आल्यावर सासूबाईंनी तो नियम आपणहून सोडला. निकेतनं त्यांना त्याच्या जहाजाचा फोटो दाखवला होता. शेजारी उभी असलेली माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. येवढ्या लोखंडाला माजी वाटी काय करनार, असं त्याच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मी बिनधास्त भांडी पालथी घालत आले होते.

शेवटी मोठा टोप सरळ झाल्याचा जड आवाज आला. मग त्यांच्या पावलांचा, मग खाटेचा. माझं पेन थांबलं ते थांबलंच. कारण मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं.

निकेतचं जहाज अर्जेंटिनाहून सोयापेंड घेऊन इंडोनेशियाला निघालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं फोन केला तेव्हा म्हणाला, उद्यापासून खाली जातोय. मी विचारलं, खाली म्हणजे कुठे. तर म्हणाला, "चाळीसच्या खाली. तुझ्या सातवीच्या पुस्तकात आहे ना, तेच."

पुस्तकात आहे. सहा वर्षं शिकवतेय मी ते. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांच्या पुढे जमीन जवळजवळ नाहीच, त्यामुळे पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना अडथळा होत नाही आणि ते फार वेगानं वाहतात. त्यांना म्हणतात गरजणारे चाळीस. आणखी खाली गेलं की खवळलेले पन्नास, आणि त्याच्याही खाली किंचाळणारे साठ. मुलांना हा धडा आवडतो, नावं भुताच्या गोष्टीतल्यासारखी आहेत म्हणून. मीही जरा रंगवून सांगायचे. ही नावं शिडाच्या जहाजांवरच्या खलाशांनी ठेवली, आणि गंमत म्हणजे ते मुद्दाम तिथे जायचे, कारण मागून वारा मिळाला की ऑस्ट्रेलिया लवकर गाठता यायचं. मग मी म्हणायचे, दोन मार्कांना येतं, पाठ करा.

निकेतला मी फोनवर ते नाव घेऊन काहीतरी बोलले तर तो हसला. म्हणाला, आमच्याकडे हे नाव कुणी घेत नाही. गुणवंतभाई घेऊ देत नाही.

गुणवंतभाई म्हणजे त्यांच्या जहाजाचा सारंग, सगळ्या खलाशांचा मुकादम. दमणचा माणूस, बाप-आजा सगळे दर्यावरचे. एका नव्या पोरानं जेवताना ऐटीत त्याचं इंग्रजी नाव, ‘रोअरिंग फोर्टीज’, घेतलं, तर गुणवंतभाईनं त्याला आठवडाभर सगळ्यांचे चहाचे मग धुवायला लावले. तो स्वतः फक्त ‘नीचे’ म्हणायचा. हम नीचे जा रहे हैं. नीचे ठंड है, स्वेटर निकालो. निकेतनं एकदा विचारलंच त्याला, की अहो पुस्तकात छापलेलं नाव आहे, घेतलं तर काय होतं. तेव्हा तो म्हणाला होता, ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी घरी पोचल्यावर ठेवलं. तिथे असताना ठेवलं नाही.

आमच्या घरात गुणवंतकाका सगळ्यांना माहीत होता. निकेत व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा मागून त्याचं टक्कल दिसायचं, मग मिशा पुढे यायच्या. शिवूला केम छे विचारायचा, आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायचा की फोन फाटतोय असं वाटायचं. त्याचीही मुलगी शिवूएवढीच. तिला येते, तुला येत नाही, असं चिडवायचा. शिवू चार महिने ती शिट्टी शिकत होती. थुंकी आणि हवा, याशिवाय काही निघत नव्हतं.

फोन ठेवताना निकेतनं एक गोष्ट मागितली. आयेला सांगू नकोस मी कुठे आहे ते. सिंगापूरकडे जातोय म्हण. मी हो म्हटलं.

मग आफ्रिकेचं टोक ओलांडल्यावर त्याचे मेसेज थांबले. कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, अँटेना बिघडलाय, फॅमिलीवाला इंटरनेट बंद आहे, पण जहाज ऑफिसच्या संपर्कात आहे, हवा खराब आहे म्हणून हळू चाललंय, घाबरू नका. फोनवर जहाजं दाखवणारा एक नकाशा असतो, त्यात निकेतचं जहाज आधी हिरवा बाण होतं, ते राखाडी झालं होतं आणि एकाच जागी उभं होतं. तिथे ते नाही हे मला माहीत होतं. तरी मी दिवसातून दहा वेळा ते उघडायचे. भाजी निवडताना, शिवूची वेणी घालताना, एका हातानं.

सासूबाई रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की विचारायच्या, निक्याचा आवाज आला काय. मी सांगायचे, रेंज नाही. दहा दिवस सांगितलं. अकराव्या सकाळी त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या हातातली काडी विझेपर्यंत त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि माझ्याच्यानं राहवलं नाही. मी फोनमधलं एक जुनं रेकॉर्डिंग काढलं आणि आत्ताच आलंय म्हणून लावलं. आये, मी मजेत आहे, जेवण बरं आहे, तू गोळ्या घेतेस ना, असं सगळं. सासूबाईंनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं. बरा हाय, म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आणि त्याच दुपारी, टक्.

संध्याकाळी क्लासला सहा मुलं येतात. हॉलमध्ये चटई टाकून बसतात. आमची शिवू पहिलीत आहे, पण ती पाटी घेऊन त्यांच्यात घुसते आणि मोठ्या मुलांसारखं तोंड करून ऐकते. त्या दिवशी नेमका तोच धडा होता. टाळला असता तर बरं झालं असतं, पण शाळेत चाचणी होती. मी भराभर सांगत गेले. शिडाच्या जहाजांचं सांगितलं नाही. तर अनुष्का नावाची एक मुलगी आहे, फार चौकस, तिनं विचारलं, मिस, आता पण जातात का तिथे माणसं.

मी उत्तर द्यायच्या आधी शिवू म्हणाली, "माझा बाबा तिथेच आहे."

मुलांनी वळून तिच्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं. सासूबाई मुलांसाठी पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जग खाली ठेवला, पेले सरळ मांडले, आणि आत गेल्या.

शिवूला मी कधी सांगितलं नव्हतं. फोनवरचं ऐकलं असणार तिनं. आपण मुलांसमोर हळू आवाजात बोलतो आणि समजतो की ती ऐकत नाहीत.

मुलं गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. मला समोर बसायला सांगितलं नाही, पण पाट सरकवला. शिवू तिचा निळा चेंडू घेऊन माझ्या मागेच आली.

"किती दिस झाले?"

"अकरा."

"आनि सकाळी ऐकवलास तो?"

मी लसणाची एक पाकळी उचलून सोलायला घेतली.

"त्यात निक्या इचारतोय, आंब्याची पेटी संपली काय." लसणाची साल त्यांनी फुंकरीनं उडवली. "श्रावनात आंबा कोन खातो गो?"

मला वाटलं होतं त्या चिडतील, निदान मला बोल तरी लावतील. पण त्यांच्या तोंडावर हसू होतं, दमलेलं. मग मला कळलं की मी रेकॉर्डिंग लावलं त्या क्षणीच त्यांना समजलं होतं, आणि तरी माझ्यासाठी म्हणून त्या बरा हाय म्हणाल्या होत्या. मी त्यांना फसवत होते, त्या मला फसवत होत्या, आणि दोघींच्या मधे ते आंबे.

मग मी सगळं सांगितलं. अँटेना, ऑफिस, राखाडी बाण. त्यांना ते कळत होतं की नाही कोण जाणे. त्यांना दुसरंच हवं होतं. तिकडं दर्या कसा हाय, ते सांग म्हणाल्या. मी शिवूचा चेंडू घेतला. मध्यावर एक रेघ मनानंच ओढली, वरच्या बाजूला बोट ठेवून म्हटलं, हे आपण, भाईंदर, मध्यापासून एकोणीस अंशांवर. मग चेंडू वर धरून खालच्या अंगाला बोट गोल फिरवलं. हे चाळीस. इथे जमीन नाही. डोंगर नाहीत, झाडं नाहीत, एक दोन टोकं सोडली तर काहीच नाही. म्हणून वारा थांबत नाही, असाच गोल फिरत राहतो.

"त्याला आडवायला कोनच न्हाय?"

"नाही."

"मंग वारा उठला की बंदराला कसे लागतात?"

"नाही लागत आई. पुढेच जायचं."

हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरेना. वाऱ्याचा रंग बदलला की होडी खाडीकडे वळवायची, एवढंच त्यांनी जन्मभर बघितलं होतं. सासरे वळायचे, त्यांचे वडील वळायचे. वळून यायला जागाच नाही असा दर्या असतो, आणि आपला मुलगा त्यात आहे, हे त्यांनी चेंडूकडे बघत बराच वेळ जिरवून घेतलं. नंतर विचारलं, शिवू बोलली ते काय नाव. मला घ्यायचं नव्हतं, पण घेतलं. गुणवंतभाईचंही सांगितलं, की ते लोक जहाजावर हे नाव घेत नाहीत, नुसतं नीचे म्हणतात.

सासूबाईंनी मान हलवली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी. आमच्याकडं बी तसंच, म्हणाल्या. त्यांचं माहेर उत्तनच्या बाजूला, समुद्राला लागून. होड्या बाहेर असताना घरात वादळ हा शब्द कुणी काढायचं नाही. घरावरचे पत्रे उडाले तरी बाया एकमेकींना एवढंच सांगायच्या, बाहेर जरा हाय. तेवढ्यावर सगळं समजायचं.

मग त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला आणि मला विठूचं सांगितलं.

विठू त्यांचा मोठा भाऊ. सतरा वर्षांचा. त्या स्वतः तेव्हा दहा वर्षांच्या असतील. विठू काकाच्या होडीवर गेला होता. घरी आईनं यांना भांडी घासायला बसवलं होतं, आणि बाहेर मैत्रिणी खेळायला बोलवत होत्या. यांनी भांडी भराभर धुतली, मोठा टोप पालथा घातला, आणि त्याच्यावर बसल्या.

"बसून पाय हालवत गानी बोलत व्हते," त्या म्हणाल्या. "टोप ढोलासारखा वाजत व्हता. लय मजा येत व्हती."

होडी परत आली. विठू आला नाही. गल्लीच्या तोंडाशी बायांचं रडणं ऐकू आलं तेव्हा यांनी उठून पहिल्यांदा तो टोप सरळ केला. कुणी बघितलं नव्हतं. कुणी कधी विचारलंही नाही. यांनी कुणाला सांगितलं नाही, आईला नाही, लग्नानंतर माझ्या सासऱ्यांनाही नाही. पन्नासेक वर्षं झाली होती आणि मी पहिली होते.

मी भूगोल शिकवते. मी म्हटलं, "आई, टोपानं होडी बुडत नाही. वारा असतो, लाट असते. तुमचं त्यात काही नव्हतं."

"ठाऊक हाय. मी काय येडी हाय?" त्यांनी दोन्ही हात पुढे केले, लसणाचा वास असलेले, आणि त्यांच्याकडेच बघत म्हणाल्या, "पन ह्ये ऐकत न्हाय."

शिवू माझ्या पाठीला टेकून बसली होती. ती चेंडू जमिनीवर गोल गोल फिरवत होती. मला वाटलं, खेळतेय.

दुसऱ्या दिवसापासून मी भांडी सरळ ठेवायला लागले. विश्वास बसला म्हणून नाही. त्यांना दुपारी उठावं लागू नये म्हणून. वाटीत पाणी राहायचं, कपड्यानं पुसून घ्यायचं, एवढंच तर काम. पहिल्या दिवशी मी सगळं सरळ ठेवलंय हे त्यांनी बघितलं, आणि माझ्या चहात आलं जास्त किसलं.

खरी पहारेकरी झाली शिवू. तिनं घरभर शोध घेतला. बाटल्यांची झाकणं सरळ केली, भातुकलीतले टोप, बाथरूममधला मग, गॅलरीत पालथी ठेवलेली बादली. समोरच्या पिंकीभाभींच्या दारात जाऊन त्यांना हिंदीत बजावून आली, आंटी, कटोरी सीधी रखना, मेरे पापा पानी पे हैं. पिंकीभाभींना काही कळलं नाही, पण त्यांनी ठीक है बेटा म्हटलं आणि, मी नंतर बघितलं, खरंच ठेवली.

बाराव्या दिवशी ऑफिसच्या मॅडम नेहमीसारख्याच बोलल्या. तेराव्या दिवशी मी निकेतचं आणि जहाजाचं नाव सांगितलं तर त्या थांबल्या. होल्ड करा म्हणाल्या. मग गाणं वाजत राहिलं, मग त्या परत आल्या आणि आवाज बदललेला होता. सर तुमच्याशी बोलतील, आम्हीच कॉल करतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. कॉल आला नाही.

आता आमच्यात खोटं बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. मी सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फडकं घेतलं, आणि कोरडी असलेली सगळी भांडी पुन्हा पुसली. रात्री तिघी एकाच खोलीत झोपलो.

चौदाव्या दिवशी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी, सासूबाई दर्याला द्यायचा नारळ निवडत बसल्या होत्या. चार आणले होते, एकेक कानाशी हलवून बघत होत्या. शिवूला सुट्टी होती, ती शेजारी बसून हळद कालवत होती. माझा फोन वाजला. नंबर भलताच लांब होता.

"सुचेता, मी बरा आहे."

आवाज निकेतचा होता, पण मधे मधे रिकामा. मी बोलले की ते त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता, आणि तोवर आम्ही दोघंही गप्प. मी त्याचं नाव घेतलं, तो पुन्हा म्हणाला, मी बरा आहे. आयेला सांग. मी म्हटलं, सांगते, तू कुठे आहेस, जेवलास का. काय विचारतेय मला कळत नव्हतं.

"गुणवंतभाई गेला," तो म्हणाला.

मग तो सांगत गेला, सरळ एका सुरात, शाळेत उभं करून विचारल्यासारखं. चार दिवसांपूर्वी पुढच्या डेकवरचं काहीतरी सुटलं होतं आणि आदळत होतं. हवा जरा बसलीय असं वाटलं तेव्हा कॅप्टननं त्यांना पाठवलं, चौघांना, पट्टे बांधून. बांधून झालं होतं. परत फिरताना पट्ट्यांचे आकडे सोडले होते, तेवढ्यात बाजूनं लाट आली. "माझ्यापुढे चार पावलं होता तो. मी कठडा धरला. डोळे उघडले तर पुढे कोणी नव्हतं." दीड दिवस जहाज उलटं फिरवून शोधलं. निकेत दुर्बीण लावून उभा होता. "काहीच नाही सुचेता. पाणीसुद्धा एका जागी राहत नाही तिथे." त्याच्या घरी कळवेपर्यंत कुणालाच फोन करू दिला नव्हता. आता कळवलं होतं.

एवढं बोलून तो थांबला. मी म्हटलं, निकेत. तो म्हणाला, शिवूला सांगू नकोस. आणि फोन कट झाला.

सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. भिंतीला हात लावून. मी म्हटलं, निकेत बरा आहे, आई. त्यांनी विचारलं, निक्या हाय ना. हो. निक्या बोलला ना. हो, तोच बोलला. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर त्या खाली बसल्या, आणि मी त्यांच्याजवळ बसून हळू आवाजात बाकीचं सांगितलं. हळू आवाजात. शिवू दोन हातांवर हळद घेऊन तिथेच बसली होती.

मला आतून इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की त्याची लाज वाटत होती. चार पावलं. मी ती चार पावलं आमच्या हॉलच्या लाद्यांवर बघत होते. इथून टीव्हीपर्यंत.

"त्याच्या घरी कोन हाय?" सासूबाईंनी विचारलं.

बायको आहे, म्हातारी आई आहे, मुलगी आहे. शिवूएवढी.

त्यांनी निवडलेला नारळ मांडीवर घेतला, पुन्हा एकदा कानाशी धरला, आणि म्हणाल्या की उद्याचा नारळ त्याच्या नावानं सोडायचा. त्या स्वतः जाणार, जुन्या घराजवळच्या धक्क्यावर. निक्यासाठी काही मागायचं नाही या वर्षी.

जेवणं झाली. कुणी फारसं जेवलं नाही तरी भांडी तेवढीच पडली. शिवू काही झोपली नाही, आणि मीही तिला झोप म्हटलं नाही. मी भांडी धूत होते, सासूबाई पुसत होत्या. निकेत अजून पाण्यावरच होता, निदान दहा दिवसांचा रस्ता बाकी होता, म्हणून एकेक भांडं आम्ही सरळच ठेवत होतो. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, तेवढीच.

शिवू ओट्याशी उभी होती. तिनं दोन बोटं तोंडात घातली, गाल फुगवले, जोर लावला. नुसती हवा आली. पुन्हा एकदा. मग तिनं बोटं फ्रॉकला पुसली, माझ्या हातातली ओली वाटी घेतली आणि ओट्यावर ठेवली, सरळ, काठ दाबून, हलत नाही ना ते बघून.

सासूबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. शिवू त्यांच्याकडे बघत होती, पण विचारलं तिनं मला.

"आई, गुणवंतकाकांच्या घरी कुणी भांडं पालथं ठेवलं होतं का?"